पीईए वापरण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बिलावर 'पीईए' लिहिलेला बिनरंगी द्रव म्हणजे फिनाईल इथाईल अल्कोहोल. फरशी पुसायच्या फिनेलशी त्याचा काही संबंध नाही. वास ताज्या गुलाबपाकळ्यांचा, किंचित मधाळ.

गुलाबाचं ऊर्ध्वपातन केलं की पीईए बहुतेक गुलाबपाण्यातच राहतो, तेलात फार थोडा उतरतो. त्याची ही पाण्याची ओढ लक्षात ठेवली तर निम्मे घोळ टळतात.

एक लिटर पाण्यात तो साधारण 20 मिली विरघळतो. त्यापेक्षा जास्त घातलात तर थेंब वर तरंगत नाहीत, मण्यांसारखे तळाशी जाऊन बसतात, कारण त्याची घनता 1.02 च्या आसपास आहे. टोनरला 0.2 ते 0.5 टक्के पुष्कळ झालं. सोबत सिट्रोनेलॉल किंवा जेरानिऑल (गुलाबाच्या वासाचे, पाण्यात जेमतेम विरघळणारे घटक) असेल तर मात्र पाणी दुधाळ होतं. अशा वेळी सुगंधात आधी चार-पाच पट पॉलिसॉर्बेट 20 (तेलकट द्रव्य पाण्यात मिसळवणारा पदार्थ) मिसळा, एकजीव झालं की ढवळत ढवळत पाणी सोडा. उलटं केलंत तर गढूळपणा जात नाही.

खोबरेल, तिळाचं तेल यांत अडचण येत नाही. लिक्विड पॅराफिनच्या (खनिज तेलाच्या) केशतेलात पीईए नीट विरघळत नाही. उबेला स्वच्छ दिसलेली बाटली थंडीत धुरकट होते, म्हणून 100 मिली नमुना रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मगच घाणा काढा.

साबणाच्या अल्कलीत तो टिकतो आणि रंगही बदलत नाही. वडी तपकिरी पडली तर मिश्रणातल्या व्हॅनिलिनवर (व्हॅनिलाच्या वासाचा घटक) संशय घ्या. साबणाचं ओलं मिश्रण भराभर घट्ट झालं तर युजेनॉलवर (लवंगेच्या वासाचा घटक). शाम्पूत सुगंध आधी, दाटपणासाठीचं मीठ नंतर आणि थोडंथोडं, कारण सुगंधामुळे दाटपणा बदलतो.

"या वेळचा माल फिका आहे" ही तक्रार नेहमीची. पीईएचा वास मुळातच सौम्य, त्यात तो हुंगताना नाक लवकर थकतं. जुन्या लॉटमध्ये बुडवलेली वासाची कागदी पट्टी शेजारी धरा, मध्ये पाच मिनिटं मोकळ्या हवेत जा, मग ठरवा. एकट्या पीईएवर अत्तर उभं राहत नाही. तो गुलाबाचा गर आहे, धार इतरांकडून घ्यावी लागते. सुरुवातीला हे प्रमाण करून बघा: पीईए 50 ग्रॅम, सिट्रोनेलॉल 25, जेरानिऑल 18, जेरानिल ॲसिटेट 6, रोझ ऑक्साइडचं 10 टक्के द्रावण 1. अंगावर राहणाऱ्या मालात, युरोपला पाठवायचा असेल तर, सिट्रोनेलॉल आणि जेरानिऑल प्रत्येकी 0.001 टक्क्यापेक्षा जास्त झाले की लेबलवर नाव छापावं लागतं.

भेसळ बहुधा डीपीजीची (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, जवळजवळ बिनवासाचा द्रव) असते. त्याची घनताही 1.02 च्याच आसपास, त्यामुळे वजनावरून ती पकडता येत नाही. अपवर्तनांक (द्रवात प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) बघा: 20 अंशांना शुद्ध पीईए 1.531 ते 1.534, डीपीजी जेमतेम 1.44. आकडा खाली आला तर माल परत पाठवा, आमचा असला तरी.

पीईए जंतूंची वाढ काही प्रमाणात रोखतो. पण त्या भरवशावर प्रिझर्व्हेटिव्ह वगळू नका, सुगंधापुरत्या मात्रेत त्याचा तेवढा जोर नसतो.

डबा अर्धा झाला की लहान बाटलीत काठोकाठ भरा. हवेने पीईएचं हळूहळू फिनाईल ॲसिटाल्डिहाइड होतं आणि गुलाबात हिरवट, उग्र मधाचा वास शिरतो. काच, एचडीपीई (जाड प्लास्टिक) किंवा ॲल्युमिनियम चालेल. गंजलेला पत्र्याचा डबा नको.