ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची तक्रार : नवा व्हॉल्व्ह घेण्यापूर्वी

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाडीला बाहेरून ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (टर्बोने दाबलेली जादा हवा सोडून देणारी झडप) बसवून घेतलेले अनेक ग्राहक नाशिकजवळील अंबडच्या आमच्या गॅरेजमध्ये "व्हॉल्व्ह गेला आहे, बदलून द्या" असे सांगतच येतात. तपासणीत मात्र व्हॉल्व्ह बहुतेक वेळा धडधाकट निघतो आणि दोष एखाद्या रबरी नळीत, सैल क्लॅम्पमध्ये किंवा स्प्रिंगच्या चुकीच्या ताणात सापडतो. तुमचे पैसे विनाकारण खर्ची पडू नयेत, एवढ्याचसाठी हे माहितीपत्रक काढले आहे.

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, मिटतो. टर्बो मात्र त्या क्षणीही वेगाने फिरत असतो आणि त्याने दाबलेली हवा मिटलेल्या थ्रॉटलवर आदळून कॉम्प्रेसरकडे (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाकडे) उलटू पाहते. त्याच वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम तयार होतो, तो एका बारीक नळीवाटे व्हॉल्व्हच्या वरच्या कप्प्यात पोहोचतो, आतला डायफ्राम (रबरी पडदा) किंवा पिस्टन स्प्रिंगविरुद्ध वर ओढला जातो आणि अडकलेली हवा बाहेर पडते. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, असताना हीच नळी व्हॉल्व्हवर दाब देऊन तो बंद ठेवते. म्हणजे उघडणे आणि मिटणे या दोन्ही क्रिया या नळीवर अवलंबून असल्याने आमची तपासणी तिथूनच सुरू होते. ती मॅनिफोल्डलाच जोडलेली, शक्य तितकी आखूड आणि इतर कशालाही न वाटलेली असावी.

एका गाडीत बूस्ट गेजसाठी याच नळीला टी-जॉइंट मारलेला होता. शहरात गाडी उत्तम चालत असे. कसारा घाट चढून इगतपुरीला पोहोचेपर्यंत मात्र पाय उचलताच फडफड ऐकू येऊ लागे. थंड इंजिनावर नळीत काहीच दिसले नाही. गाडी तापवून नळी बोटांनी वाकवली, तेव्हा टी-जॉइंटच्या तोंडाशी नखाने ओरखडल्याएवढी चीर उघडली. नळी बदलताच तक्रार संपली. व्हॉल्व्ह आजही तोच आहे.

गाडी पूर्वीसारखा जोर धरत नसेल आणि स्कॅनरवर बूस्ट कमी असल्याचा पी०२९९ हा कोड येत असेल, तर आधी गळती शोधावी. इंजिनातून येणारी तेलाची वाफ गळतीच्या जागेतून बाहेर पडते आणि तिच्यावर आपल्याकडची धूळ चिकटते. त्यामुळे इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) जोडांवर किंवा व्हॉल्व्हच्या बुडाशी काळा, ओशट पट्टा दिसला, की ती जागा पक्की संशयाची समजावी. खात्रीसाठी आम्ही इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडातून सुमारे १० पीएसआय हवा भरतो आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावतो. डायफ्राम फाटला आहे का, हे हातपंपाने व्हॅक्यूम देऊन कळते : काटा घसरत असेल, तर फाटला आहे. पिस्टनच्या व्हॉल्व्हमध्ये तेल आणि धूळ मिळून चिकटा साचतो. तो साफ केला की पिस्टन बहुधा पुन्हा मोकळा होतो. डायफ्रामवर मात्र कार्ब क्लीनर कधीही मारू नये, रबर खराब होते.

फडफडीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. कमी बूस्टवर हलकेच पाय उचलल्यावर आलेली किंचित फडफड काळजीची नसते. पूर्ण बूस्टवर पाय उचलल्यानंतर ती येत असेल, तर स्प्रिंग फार कडक आहे किंवा व्हॅक्यूम पोहोचत नाही, आणि उलटणाऱ्या हवेचा धक्का टर्बोचा दांडा जागेवर धरणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. हा आवाज आवडतो म्हणून स्प्रिंग मुद्दाम आवळून घेण्याचा आग्रह आम्ही मान्य करत नाही. उलट स्प्रिंग फार सैल असेल, तर व्हॉल्व्ह आयडलिंगलाही (गाडी उभी, इंजिन चालू असतानाही) उघडा राहून फिल्टर न झालेली हवा आत ओढतो.

एमएएफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) गाडीत हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवला, की एक वेगळी अडचण उद्भवते. मोजलेली हवा बाहेर गेल्याचे ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) कळत नाही, तो तिच्या हिशेबाने पेट्रोल देतच राहतो, आणि मग द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी गचके देऊन बंद पडते, काळा धूर येतो, प्लग काळे होतात. स्प्रिंग कितीही फिरवली तरी यावर उपाय होत नाही. सुटलेली हवा सेन्सरच्या पुढे, टर्बोच्या आधी परत सोडणारी जोडणी करावी लागते. केवळ मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणाऱ्या गाड्यांना हा त्रास सहसा होत नाही.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने आयडलिंगचा व्हॅक्यूम मुंबईपेक्षा पाऱ्याच्या साधारण दोन इंचांनी कमी दिसतो. मुंबईत १९ इंच दाखवणाऱ्या गाडीने इथे १७ दाखवले, तर तो बिघाड समजू नये. तिथे जेमतेम उघडणाऱ्या कडक स्प्रिंगला मात्र तेवढा फरकही भारी पडू शकतो.

डिझेल गाडीत पेट्रोलसारखे थ्रॉटलचे नियंत्रण नसल्याने या व्हॉल्व्हला तिथे खरे कामच नसते. डिझेलसाठी मिळणारे किट केवळ आवाजापुरते असतात आणि ते आम्ही बसवत नाही. गाडीतील बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, तसेच वॉरंटी आणि विम्यावरही परिणाम होऊ शकतो. म्हणून मूळ व्हॉल्व्ह टाकून न देता जपून ठेवावा.

तपासणीसाठी येताना गाडी शक्यतो सकाळी, इंजिन थंड असताना सोडावी, आणि तक्रारीचा आवाज मोबाइलवर टिपलेला असल्यास तो सोबत आणावा. टिपण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे, चालकाने ते करू नये.