बटण न लागणारे हात

पाच वर्षांचा मुलगा शाळेचा शर्ट घालतो आहे. डाव्या हाताने काजाची कड धरायची आणि उजव्या हाताच्या चिमटीने बटण त्यातून सरकवायचे, एवढेच काम. बटण अर्धे आत जाते तोच काज बोटांतून निसटते. तिसऱ्या खेपेला तो हात खाली सोडतो आणि खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असल्याने आई उरलेली बटणे भराभर लावून टाकते. पोळीचा तुकडा एका हाताने तोडणे त्याला जमत नाही आणि लंगडीत तो दोन उड्यांतच पाय टेकवतो. घरात त्याला ‘धांदरट’ हे विशेषण चिकटले आहे आणि माझ्या मते इथेच पहिली चूक होते, कारण हा स्वभावदोष नव्हे.

बुद्धी, नजर आणि स्नायू यांत हे स्पष्ट करणारे कारण नसतानाही हालचालींचा मेळ वयाच्या मानाने फारच कमी बसत असेल आणि त्यामुळे रोजचे व्यवहार अडत असतील, तर त्या स्थितीला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत तिचे प्रमाण सुमारे 5 ते 6 टक्के मानले जाते, म्हणजे साधारण वीस मुलांमागे एक. मुलग्यांमध्ये ती अधिक आढळते. लहानपणी प्रत्येक मुलाच्या विकासाचा वेग वेगळा असल्याने पाच वर्षांच्या आत निदान सहसा करत नाहीत.

यात मुलाचे स्वतःचे असे बरेच काही असते. हात हलण्याआधीच मेंदू त्या हालचालीचा अंदाज बांधतो. या मुलांमध्ये तो अंदाज कच्चा राहतो आणि चूक घडून गेल्यावरच हात सावरतो, असे एक प्रबळ मत आहे. 32 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा जन्मतः दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना धोका अधिक असतो. अवधानाची अडचण, म्हणजे एडीएचडी, जवळपास निम्म्या मुलांत सोबतीला असते.

परंतु मूल आणि परिसर यांना वेगळे काढता येत नाही, हे एका जुन्या प्रयोगात फार सुंदर दिसते. नवजात बाळाला उभे धरले की ते पावले टाकल्यासारखे पाय हलवते आणि काही आठवड्यांत ही हालचाल नाहीशी होते. मेंदू परिपक्व झाल्याने ती लोपते, असे मानले जाई. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये अशा बाळांचे पाय पाण्यात सोडले, तेव्हा पावले पुन्हा वाढली. पायांना लहान वजने बांधली, तेव्हा ती कमी झाली. पाय झपाट्याने जड झाले होते, ताकद मागे पडली होती आणि पाण्याने तो भार उचलला होता. बाळ तेच, भोवतालचे माध्यम तेवढे बदललेले.

घरातही असेच माध्यम असते. जमिनीवर पालथे पडायला, रांगायला जागा मिळते की बाळ दिवसभर वॉकरमध्ये अडकते? वॉकरमुळे मूल लवकर चालते हा समज खोटा आहे. अपघातांमुळे कॅनडाने 2004 मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान 180 मिनिटांची हालचाल हवी आणि बैठा स्क्रीनवेळ तासाभराच्या आत हवा. पार्किंगने व्यापलेल्या सोसायटीत ती 180 मिनिटे कुठे मिळणार, हा प्रश्न पालकांच्या इच्छाशक्तीचा नाही, जागेचा आहे. अर्थात मैदान मिळाले म्हणून ही स्थिती आपोआप जात नाही. मैदान नसल्याने मात्र आधीच कमी असलेला सराव आणखी घटतो, पडण्याच्या भीतीने मूल खेळातून अंग काढून घेते आणि कौशल्यातली दरी रुंदावते.

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा, म्हणजे याच स्थितीच्या दुसऱ्या प्रचलित नावाचा, उल्लेख आहे, तरीही शाळांमध्ये हा शब्द क्वचितच कानावर पडतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे जमवायला शिकवणारे तज्ज्ञ, सहसा जे काम अडते आहे त्याचाच सराव करून घेतात आणि त्याला पुरावाही चांगला आहे. बटणाचा सराव रविवारी, घाई नसताना, बाबांचा जुना सदरा मांडीवर पसरून सुरू करता येतो. आधी मोठे बटण आणि सैल काज घ्यावे. पुढे शर्ट अंगात घातल्यावर सर्वांत खालच्या बटणापासून आरंभ करावा, कारण ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. गळ्याजवळचे बटण अगदी शेवटी.