लॅटिनो किशोरसाहित्य वर्गात : 'बंदी' या शब्दाची पार्श्वभूमी

लॅटिनो, म्हणजे मेक्सिकोसारख्या लॅटिन अमेरिकन देशांशी मुळं जोडलेल्या अमेरिकनांच्या, किशोर कादंबऱ्या शाळेत शिकवण्यावरून अमेरिकेत वाद उठला की ॲरिझोनातल्या टुसॉन शहराचं नाव निघतंच. हा मुलूख १८५४ पर्यंत मेक्सिकोचा होता. इथल्या कित्येक घराण्यांनी कधी सीमा ओलांडलीच नाही, सीमाच त्यांच्या अंगणातून पुढे सरकली. तरी शाळेच्या पुस्तकांत ती फारशी कुठे दिसत नसत. १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांनी वर्ग सोडून मोर्चे काढले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत आपला इतिहास शिकवण्याचीही मागणी होती. पुढे कादंबऱ्या आल्या. १९८४ ची, शिकागोतल्या एका मुलीची गोष्ट छोट्या छोट्या प्रकरणांत सांगणारी कादंबरी देशभरच्या वर्गांत पोचली.

टुसॉनच्या शाळांमध्ये मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम सुरू झाला तो १९९८ मध्ये. त्यात इतिहासाबरोबर साहित्याचेही तास होते. २०१० मध्ये राज्याने कायदा केला : विशिष्ट वंशाच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेले, वांशिक एकजूट शिकवणारे किंवा एखाद्या वंशाविषयी वा समाजवर्गाविषयी रोष पसरवणारे वर्ग चालणार नाहीत; चालवले तर राज्याच्या अनुदानातली १० टक्क्यांपर्यंतची रक्कम रोखली जाईल. राज्यानेच नेमलेल्या तपासनिसांना २०११ मध्ये कायद्याचा भंग झाल्याचा पुरावा सापडला नाही. शिक्षणखात्याच्या प्रमुखांनी तो अहवाल मानला नाही. जानेवारी २०१२ मध्ये अनुदानाच्या धाकाने स्थानिक शाळामंडळाने कार्यक्रम गुंडाळला.

खरा गुंता इथून सुरू होतो. सात पुस्तकं वर्गांतून उचलून खोक्यांत भरली आणि गोदामात ठेवली. मंडळाचं म्हणणं : ही बंदी नव्हे, प्रती ग्रंथालयात आहेत, ज्याला हवं त्याने घ्यावं. शब्दाच्या काटेकोर अर्थाने ते खरंही होतं. सातांपैकी कादंबरी एकही नव्हती; बहुतेक इतिहास आणि शिक्षणविचाराची पुस्तकं होती. पण साहित्याचा तासच बंद झाल्यावर त्या तासाला वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचं काय? त्या यादीत नव्हत्या, म्हणून मोजणीतही आल्या नाहीत. पंधरा वर्षांची मुलगी ग्रंथालयातून पुस्तक नेऊन एकटी वाचते, आणि तेच पुस्तक तीस जण मिळून वाचतात, बाई मध्येच थांबवून विचारतात, 'तुमच्या आजीच्या घरी असं होतं का?' या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असं वर्गात शिकवलेला कोणीही माणूस म्हणणार नाही. 'बंदी नाही' या उत्तरात नेमका हाच फरक गिळून टाकला होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये ह्यूस्टनहून लेखक-कार्यकर्त्यांचा तांडा ही पुस्तकं गाडीत भरून टुसॉनला गेला. २०१३ मध्ये सातही पुस्तकांना पूरक वाचन म्हणून परवानगी मिळाली. २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला की कायदा करण्यामागे आणि राबवण्यामागे वांशिक आकस होता, आणि विद्यार्थ्यांच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाला. तोवर २०१२ च्या वर्गातली मुलं शाळा संपवून गेली होती.

२०२१ नंतर टेक्सास, फ्लोरिडातल्या शाळांतून पुस्तकं हटली, तेव्हाही कागदोपत्री अनेक ठिकाणी शब्द 'बंदी' नव्हता; होता 'फेरविचारासाठी बाजूला'.