चक्रफुलाचा काढा आणि टॅमीफ्लूची गोळी

फ्लूची साथ आली की व्हॉट्सॲपवर तो निरोप फिरायला लागतो: फ्लूवरची टॅमीफ्लू ही गोळी चक्रफुलापासूनच बनते, मग गोळी कशाला, काढाच घ्या. 2009 मध्ये स्वाइन फ्लूच्या दिवसांत पुण्यात लोक कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या हुंगत फिरत होते. हा निरोप त्याहून शिकलेला, म्हणून जास्त फसवा. कारण त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे.

मसाल्याच्या डब्यातलं चक्रफूल हातात घ्या. साधारण आठ होड्या, एकेकीत चकचकीत तपकिरी बी. वास येतो तो अ‍ॅनेथोलचा, बडीशेपेतही तोच. औषधवाल्यांना मात्र त्यातलं शिकिमिक आम्ल हवं असतं. 13 ग्रॅम चक्रफुलातून साधारण 1.3 ग्रॅम आम्ल निघतं, त्यातून 75 मिलिग्रॅमच्या दहा कॅप्सूल होतात. पण मधे रसायनशाळेतल्या दहाएक पायऱ्या आहेत. त्या चढून गेल्यावर जे हाती येतं ते ऑसेल्टामिव्हिर, म्हणजे टॅमीफ्लूतलं मूळ औषध, आणि ते कुठल्याच झाडात सापडत नाही.

फरक कामातच आहे. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्या पृष्ठभागाला जणू धाग्याने चिकटलेले असतात. न्यूरामिनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) ही त्यांची कात्री, ती तो धागा कापते, मग ते पुढच्या पेशीकडे सुटतात. ऑसेल्टामिव्हिर यकृतात बदलून या कात्रीच्या पात्यांत अडकून बसतं. शिकिमिक आम्लाला ते जमत नाही. कापसाचं बोंड खांद्यावर ठेवून सदरा होत नाही, तसंच.

बरं, गोळीही काही रामबाण नाही. कॉक्रेन ही संस्था औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या 2014 च्या आढाव्यात प्रौढांची लक्षणं सरासरी 7 ऐवजी 6.3 दिवसांत ओसरली, म्हणजे सतरा तासांचा फायदा. गोळी विषाणूंचा फक्त पुढचा पसार अडवते, म्हणून ती पहिल्या 48 तासांत सुरू करावी म्हणतात. काढ्याने फ्लू बरा होतो, हे माणसांवरच्या चाचण्यांत तेवढंही सिद्ध झालेलं नाही. घसा शेकायला खुशाल प्या.

फक्त फूल कुठलं ते पाहा. जपानी चक्रफूल दिसायला जवळजवळ सारखंच, पण विषारी. चहात ते मिसळल्याने लहान बाळांनाही झटके आले, तेव्हा 2003 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. त्या झाडाला जपानीत म्हणतात 'शिकिमी'. शिकिमिक आम्ल 1885 मध्ये पहिल्यांदा सापडलं ते त्याच्यातच.