आजार नव्हे, आदेश: अमेरिकेतल्या बंदूकबंदीची पार्श्वभूमी

अमेरिकेत मोठा गोळीबार झाला की ‘मनोरुग्णाला बंदूक मिळालीच कशी?’ हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये आहे. हा संघीय कायदा आजार बघत नाही, आदेश बघतो. न्यायालयाने किंवा तशा अधिकाराच्या मंडळाने मानसिक कारणावरून धोकादायक ठरवलेल्या, अथवा सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलेल्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी. स्किझोफ्रेनियाचं नुसतं निदान झालं, तर बंदी नाही. स्वखुशीने भरती झालेल्यांना आणि फक्त निरीक्षणासाठी ठेवलेल्यांनाही ती लागत नाही.

नेमकी तेव्हाच मनोरुग्णालयं रिकामी होत होती. १९५५मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त रुग्ण होते. नवी औषधं आली, पैशांची गणितं बदलली आणि हा आकडा घसरत गेला. कॅलिफोर्नियाने १९६७मध्येच सक्तीच्या भरतीवर मुदत घातली: आधी ७२ तास, मग १४ दिवस, पुढे सुनावणी. १९७५मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, धोकादायक नसलेल्या आणि स्वतःला सांभाळू शकणाऱ्या माणसाला नुसतं डांबून ठेवता येणार नाही. १९७९मध्ये सक्तीच्या भरतीसाठी लागणाऱ्या पुराव्याची पातळीही त्याने वाढवली. रुग्णहक्कांच्या दृष्टीने हे योग्यच होतं. पण बंदूकबंदी ज्या आदेशावर टांगलेली, तो आदेश मिळणंच अवघड झालं.

दुसरी अडचण नोंदींची. १९९३च्या ब्रॅडी कायद्यातून आलेली, बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी पाहणारी एफबीआयची तपासणी यंत्रणा नोव्हेंबर १९९८मध्ये सुरू झाली. ग्राहक फॉर्म ४४७३ भरतो, मानसिक आरोग्याच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देतो, दुकानदार तपासणी मागवतो. कामकाजाच्या तीन दिवसांत निर्णय आला नाही, तर संघीय कायद्याने सहसा विक्री करता येते. यंत्रणा हुशार असली तरी तिला राज्यांनी पाठवलेल्या नोंदीच दिसतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या प्रिंट्झ निकालानंतर केंद्राला राज्यांच्या अधिकाऱ्यांवर अशी कामं लादता येत नाहीत.

याची किंमत व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात दिसली. डिसेंबर २००५मध्ये एका विद्यार्थ्याला न्यायालयीन सुनावणीत स्वतःसाठी धोकादायक ठरवलं गेलं, पण आदेश निघाला बाह्यरुग्ण उपचाराचा. संघीय नियमांनुसार तो अपात्रच होता. राज्य मात्र फक्त सक्तीच्या भरतीचीच नोंद पाठवत असे. त्याने तपासणीतून पार पडून दोन पिस्तुलं घेतली आणि १६ एप्रिल २००७ला ३२ जणांना मारलं. जानेवारी २००८मध्ये नवा कायदा झाला. नोंदी पाठवणाऱ्या राज्यांना निधी, पण गमावलेला हक्क परत मागण्याची सोयही करायची, ही अट. तोवर तीसेक वर्षांपूर्वीच्या एका भरतीमुळे आयुष्यभर बंदी राहू शकत होती, आणि अशी सोय न करणाऱ्या राज्यांत पुढेही राहिली.

ओबामा प्रशासनाने मानसिक विकारामुळे अपंगत्वभत्ता घेणाऱ्या आणि पैशांचे व्यवहार दुसऱ्याकडे सोपवलेल्या लोकांची नावं यंत्रणेत घालायचं ठरवलं. बंदूकधारकांची संघटना असलेल्या एनआरएइतकाच विरोध नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूनेही केला. मुद्दा बिनतोड होता: बँकेचे व्यवहार न जमणं म्हणजे हिंसक असणं नव्हे. फेब्रुवारी २०१७मध्ये नियम रद्द झाला.

रेड फ्लॅग कायद्यांनी, म्हणजे धोकादायक वागणाऱ्याच्या बंदुका न्यायालयाच्या आदेशाने काही काळ काढून घेणाऱ्या राज्यांच्या कायद्यांनी, निदानाला बाजूला सारून वागणुकीवर बोट ठेवलं. कनेक्टिकट १९९९, इंडियाना २००५, कॅलिफोर्निया २०१४. पार्कलंडच्या शाळेत १७ जण मेल्यावर २०१८मध्ये फ्लोरिडा. तिथे अर्ज फक्त पोलिस करू शकतात. तात्पुरत्या आदेशानंतर १४ दिवसांत सुनावणी, अंतिम आदेश जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. कॅलिफोर्नियात घरचेही अर्ज करू शकतात. घोळ अंमलबजावणीत होतो. बंदुकांची संघीय नोंदवही नाही, त्यामुळे घरात किती आहेत हे पोलिसांना बहुधा घरच्यांकडूनच कळतं. कोलोरॅडोत तर काही शेरीफांनी कायदा अंमलात आणणार नाही असं उघड सांगितलं.

वाद गोळीबारांभोवती फिरतो, मृत्यू दुसरीकडेच जास्त होतात. २०२१मध्ये बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले, त्यांत २६,३२८ आत्महत्या. समाजातल्या एकूण हिंसेत गंभीर मानसिक आजाराचा वाटा मात्र सुमारे चार टक्केच मानला जातो. कनेक्टिकटमधल्या बंदूकजप्त्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी अंदाज मांडला तोही आत्महत्यांचाच: दर १० ते २० जप्त्यांमागे एक जीव वाचतो.