अमेरिकेत अणुभट्टीच्या परवान्याचे नूतनीकरण : दाबपात्राच्या झाकणाचे स्टड, पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

अमेरिकेत व्यावसायिक अणुभट्टीला पहिला परवाना जास्तीत जास्त ४० वर्षांचा मिळतो. ती मुदत संपण्याआधी वीज कंपनीला न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनकडे, म्हणजे एनआरसीकडे, नूतनीकरणाचा अर्ज करता येतो आणि तो मंजूर झाल्यास परवाना आणखी २० वर्षांपर्यंत वाढतो. अर्ज चांगलाच जाडजूड असतो, पण ज्या पोलादी पात्रात अणुइंधन असते त्या दाबपात्राचे झाकण आवळून धरणाऱ्या स्टडच्या, म्हणजे आटे पाडलेल्या जाड पोलादी सळयांच्या, वाट्याला त्यातली मोजकीच पाने येतात. ही मोजकी पाने कशी तयार करावीत, कोणते कागद जवळ असावेत आणि पोलादाच्या ताकदीची मर्यादा नेमकी कशी वाचावी, याची माहिती येथे दिली आहे. पुण्या-मुंबईत धातुशास्त्र किंवा यंत्र अभियांत्रिकी शिकून तिकडच्या प्रकल्पांत काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांना आणि फोर्जिंगच्या धंद्यात रोज टेस्ट सर्टिफिकेट हाताळणाऱ्यांना ती विशेष उपयोगी पडावी. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही अमेरिकी रचनेच्या, १९६९ सालच्या आणि स्टडने आवळलेल्या झाकणाच्या आहेत. मात्र त्यांचे नियमन आपल्याकडील अणुऊर्जा नियामक मंडळ करते, त्यामुळे खालील पद्धत त्यांना लागू होत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

अर्ज कोण करू शकतो आणि केव्हा

अर्ज चालू परवान्याचा धारकच करतो. परकीय नागरिक, परकीय सरकार किंवा परकीयांच्या मालकीची अथवा नियंत्रणाखालची कंपनी यांना नूतनीकृत परवाना पूर्वी सरसकट मिळू शकत नसे; २०२४ च्या कायद्याने ही अट काही देशांपुरती शिथिल झाली आहे. ही अट अर्जदाराला आहे. अर्जदार कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्याच्या नागरिकत्वाचा या अटीशी संबंध नाही, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्या लोकांत याबद्दल नेहमी गोंधळ होतो.

परवान्याची मुदत संपायला २० वर्षांहून अधिक काळ शिल्लक असेल, तर अर्ज स्वीकारला जात नाही. दुसऱ्या टोकाला, मुदत संपण्याच्या किमान ५ वर्षे आधी पुरेसा परिपूर्ण अर्ज दाखल झालेला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना संपला असे मानले जात नाही. हे ५ वर्षांचे संरक्षण फार मोलाचे आहे, आणि म्हणूनच जुनी कागदपत्रे शोधण्याचे काम त्याच्याही बरेच आधी हाती घ्यावे. नूतनीकरणाचा मुख्य आधार अमेरिकी संघीय नियमसंहितेच्या दहाव्या शीर्षकातील भाग ५४ हा आहे; तो १९९१ साली आला, १९९५ साली त्यात मोठे बदल झाले आणि त्याखाली पहिले नूतनीकरण मार्च २००० मध्ये मेरीलँडमधील कॅल्व्हर्ट क्लिफ्स प्रकल्पाला मिळाले.

स्टडचा विचार अर्जात का करावा लागतो

भाग ५४ प्रमाणे, जे घटक हलत्या भागांशिवाय आपले काम करतात आणि ठरावीक मुदतीने बदलले जात नाहीत, त्यांच्या जीर्णतेचा आढावा घेणे बंधनकारक आहे. दाबपात्र त्यात येते आणि त्याच्यासोबत त्याचे स्टड, नट, वॉशर आणि फ्लँजमधले, म्हणजे पात्राच्या काठावरील ज्या जाड कड्यात स्टड बसतो त्यातले, आटेही येतात.

या स्टडवर काय भार असतो, ते एका ढोबळ हिशेबाने लक्षात येईल. वेस्टिंगहाऊसच्या चार वळशांच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या चार वलयांच्या, दाबजल भट्टीत पात्राचा आतला व्यास सुमारे ४.४ मीटर आणि आतला दाब सुमारे १५.५ मेगापास्कल असतो. म्हणजे झाकण वर ढकलणारा जोर २३ कोटी न्यूटनच्या पुढे, अंदाजे २४ हजार टन वजनाइतका होतो. तो ५४ स्टडमध्ये वाटला, तर मनगटाहून कितीतरी जाड, सुमारे १८ सेंटिमीटर व्यासाच्या एकेका स्टडवर साधारण ४४० टनांचा भार येतो. साध्या पान्याने असा स्टड आवळता येत नाही. हायड्रॉलिक टेन्शनरने तो आधी ताणतात, ताणलेल्या अवस्थेत नट खाली फिरवून बसवतात आणि मग ताण सोडतात. इंधन बदलण्याच्या प्रत्येक बंदकाळात हे सोडणे-आवळणे पुन्हा होते.

इतका भार घ्यायचा तर पोलाद जितके मजबूत तितके चांगले, असे कोणालाही वाटेल. येथेच खरा प्रश्न आहे. पोलाद फार कडक केले, की हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा आणि ताणाखालील गंज-तडे यांना ते सहज बळी पडते. असा तडा आट्याच्या मुळाशी सुरू होतो आणि स्टड वरून धडधाकट दिसत असतानाच आत वाढत जातो. म्हणून या स्टडच्या पोलादाला किमान ताकदीबरोबर कमाल ताकदीचीही मर्यादा आहे. बहुतेक खरेदीदार पहिली मर्यादा तपासतात आणि दुसरी विसरतात.

ताकदीच्या मर्यादा

सर्वांत जास्त वापरले जाणारे पोलाद म्हणजे एसए-५४० मानकातील बी२३ आणि बी२४ हे ग्रेड. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले, क्वेंचिंग व टेम्परिंग केलेले (तापवून झटकन थंड केलेले आणि मग पुन्हा बेताने तापवलेले) मिश्रपोलाद. त्याच्या तिसऱ्या वर्गात यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते) किमान १३० केएसआय (दर चौरस इंचाला हजार पौंड), म्हणजे सुमारे ८९५ मेगापास्कल, आणि टेन्साइल स्ट्रेंग्थ (तुटण्याआधी पेलता येणारा कमाल ताण) किमान १४५ केएसआय, म्हणजे सुमारे १००० मेगापास्कल असावी लागते.

वरच्या मर्यादेसाठी एनआरसीची नियामक मार्गदर्शिका १.६५ पाहावी. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९७३ ची. तिच्यात मर्यादा टेन्साइल स्ट्रेंग्थवर होती, १७० केएसआय, म्हणजे ११७२ मेगापास्कल. एप्रिल २०१० च्या सुधारित आवृत्तीत ती यील्ड स्ट्रेंग्थवर आली: १५० केएसआय, म्हणजे १०३४ मेगापास्कल. नूतनीकरणाच्या अर्जासाठी एनआरसीने तयार केलेल्या जीर्णता-व्यवस्थापनाच्या सर्वसाधारण अहवालातही स्टडच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष मोजलेली यील्ड स्ट्रेंग्थ १०३४ मेगापास्कलपेक्षा कमी असावी, असे म्हटले आहे. ‘प्रत्यक्ष मोजलेली’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. मानकातला किमान आकडा अर्जात लिहून भागत नाही. त्या स्टडच्या त्या हीटच्या, म्हणजे एकाच वेळी वितळवलेल्या पोलादाच्या घाण्याच्या, नमुन्यावर केलेल्या चाचणीचा आकडा द्यावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका हीटच्या जुन्या सर्टिफिकेटवर सळईच्या दोन टोकांच्या नमुन्यांचे आकडे असे आहेत: १,४८,२०० पीएसआय आणि १,५१,६०० पीएसआय (१००० पीएसआय म्हणजे १ केएसआय). सरासरी १,४९,९०० येते, म्हणजे मर्यादेच्या आत. पण सरासरी काढून पुढे जाणे येथे चुकीचे ठरते. एका टोकाचे पोलाद मर्यादेबाहेर आहे आणि तडा सरासरी पाहून सुरू होत नाही. हा स्टड मर्यादा ओलांडणारा म्हणूनच नोंदवावा. १९७३ च्या निकषात तो निर्दोष असू शकतो, कारण तेव्हा टेन्साइल स्ट्रेंग्थ १७० केएसआयच्या आत असणे पुरेसे होते. त्यामुळे त्या काळच्या पुरवठादाराची यात चूक आहे, असेही नव्हे.

यासोबत चिवटपणाही पाहावा लागतो. अमेरिकी यंत्र अभियंता संस्थेच्या, म्हणजे एएसएमईच्या, संहितेच्या तिसऱ्या विभागाप्रमाणे ४ इंचांहून जाड स्टडच्या शार्पी चाचणीत, म्हणजे खाच पाडलेला नमुना लोलकाच्या घावाने तोडण्याच्या चाचणीत, किमान ६१ ज्यूल ऊर्जा आणि ०.६४ मिलिमीटर पार्श्वप्रसरण (तुटताना नमुन्याला बाजूने आलेला फुगवटा) मिळाले पाहिजे, आणि ही चाचणी आवळण्याच्या वेळचे तापमान व सर्वांत कमी सेवा-तापमान यांपैकी जे कमी असेल, त्या तापमानाला झालेली असावी. जुन्या कागदांत ऊर्जेचा आकडा असतो आणि चाचणीचे तापमान मात्र नसते, असे होऊ शकते. तापमानाशिवाय त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

जोडावयाची व हाताशी ठेवावयाची कागदपत्रे

सर्वांत पहिला कागद म्हणजे प्रत्येक स्टडचे प्रमाणित चाचणी-पत्र, ज्याला आपल्या कारखान्यांत नुसते टीसी म्हणतात. त्यावर हीट नंबर, रासायनिक घटक, उष्णोपचाराचे तापमान, यील्ड, टेन्साइल, शार्पी आणि अल्ट्रासॉनिक तपासणीचा निकाल असावा. हे पत्र अर्जाला जोडले जात नाही, परंतु एनआरसीचे लेखापरीक्षण पथक ते मागू शकते आणि अर्जातील विधान त्याच्याशी जुळले पाहिजे. सुटे म्हणून गोदामात ठेवलेल्या स्टडचीही पत्रे काढावीत, कारण उद्या बसवले जाणार ते हेच.

दुसरा गट तपासणीच्या नोंदींचा. संहितेच्या अकराव्या विभागात २ इंचांहून जाड दाबधारक बोल्टिंगचा स्वतंत्र वर्ग आहे आणि स्टडची अल्ट्रासॉनिक, तर नट व वॉशरची नजरेने तपासणी दर १० वर्षांच्या आवर्तनात करावी लागते. फ्लँजमधल्या आट्यांच्या तपासणीला काही प्रकल्पांनी पर्याय मागून घेतलेला असतो. तसे असेल, तर ती मंजुरी कोणत्या आवर्तनापुरती आहे ते लिहावे, कारण ती आपोआप पुढे चालत नाही.

तिसरा कागद वंगण आणि पृष्ठभागाच्या लेपाचा. धातूचा मुलामा दिलेले स्टड टाळावेत, मँगनीज फॉस्फेटसारखा लेप चालतो, आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे वंगण वापरू नये, असे सर्वसाधारण अहवालात सांगितले आहे, कारण त्यातून गंज-तड्यांना हातभार लागत असल्याचे आढळले आहे. वंगणाचे आजचे नाव लिहून थांबू नये. पूर्वी काय वापरले होते आणि केव्हा सोडले, हेही देखभालीच्या नोंदींतून शोधून लिहावे.

चौथा, थकव्याचा हिशेब. झाकण आवळणे-सोडणे आणि भट्टी तापणे-थंड होणे यांच्या आवर्तनांचा संचित वापर-गुणांक (थकवा सोसण्याच्या क्षमतेपैकी किती वापरली गेली त्याचे प्रमाण) १ च्या आत राहावा लागतो. मूळ हिशेब ४० वर्षांचा असल्याने तो अर्जात कालमर्यादित विश्लेषण म्हणून येतो. त्यासाठी तीनच मार्ग आहेत: मूळ हिशेब वाढीव काळालाही पुरतो असे दाखवणे, तो पुढच्या काळापर्यंत वाढवून मांडणे, किंवा आवर्तने मोजत राहून परिणाम आटोक्यात ठेवण्याचा कार्यक्रम देणे.

अर्जातील मांडणी आणि पुढील टप्पे

स्टडचा जीर्णता-व्यवस्थापन कार्यक्रम व्याप्तीपासून कार्यानुभवापर्यंत दहा घटकांत मांडायचा असतो आणि प्रत्येक घटक सर्वसाधारण अहवालाशी ताडून पाहायचा असतो. सगळे जुळत असेल, तर ‘सुसंगत’ एवढे लिहून पुढे जाता येते. जुळत नसेल, तर दोन शब्दांतला फरक सांभाळावा. ‘सुधारणा’ म्हणजे आज जुळत नाही, पण वाढीव काळ सुरू होण्याआधी जुळवू. उदाहरणार्थ, नवे स्टड १०३४ मेगापास्कलच्या आतलेच घेऊ, अशी अट खरेदी-पद्धतीत घालणे. ‘अपवाद’ म्हणजे जुळत नाही आणि जुळणारही नाही, कारण मर्यादेबाहेरचे स्टड पात्रावर बसलेले आहेत. अपवाद मागणे कमीपणाचे नाही. अशा वेळी हे स्टड गंज-तड्यांना प्रवण आहेत असे मान्य करावे, अल्ट्रासॉनिक तपासणीचा आजवरचा निकाल द्यावा आणि त्या तपासणीने तडा वेळेत का सापडेल, याचे कारण लिहावे. आकडा लपवला किंवा सरासरीत बुजवला, तर मात्र अर्जातील माहिती पूर्ण व अचूक असण्याची कायदेशीर अटच मोडते.

अर्ज शपथेवर दाखल होतो. एनआरसी आधी तो पुरेसा आहे का ते पाहते आणि मग नोंदवून घेते. सुनावणीच्या संधीची सूचना प्रसिद्ध झाल्यावर हितसंबंधितांना मागणी करण्यासाठी ६० दिवस मिळतात. सुरक्षा आणि पर्यावरण यांची छाननी समांतर चालते, अधिक माहितीची पत्रे येतात, आणि भट्टी-सुरक्षेची सल्लागार समिती स्वतंत्रपणे अर्ज पाहते. छाननी चालू असताना प्रकल्पाच्या परवाना-आधारात, म्हणजे परवाना ज्या अटींवर व रचनेवर दिला आहे त्यात, बदल झाले, तर दरवर्षी अर्जात तशी दुरुस्ती कळवावी लागते. त्यात एखादा बदललेला स्टडही येऊ शकतो.

परवाना हाती आल्यावरही नोंदी लेखापरीक्षणाला दाखवता येतील अशा स्वरूपात वाढीव मुदत संपेपर्यंत जपायच्या असतात. जुन्या टीसीच्या कार्बन प्रतीवरची अक्षरे पुसट होत जातात, म्हणून स्कॅन करतानाच हीट नंबर वाचता येतो का ते पाहावे आणि तो स्टडच्या टोकावरील ठशाशी पुढच्या बंदकाळात प्रत्यक्ष ताडून घ्यावा.