बायबल अक्षरमाला (सचित्र बालपुस्तके)

मुलांना इंग्रजी मुळाक्षरे आणि बायबलमधील गोष्टी एकदमच शिकवणारी चित्रपुस्तके. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन व अमेरिकेत ती घरोघरी असत. एक अक्षर, त्या अक्षराचे बायबलमधील नाव, चित्र आणि खाली यमकाच्या दोन-चार ओळी, असा सर्वसाधारण साचा.

साचा मात्र त्याहून जुना. बेंजामिन हॅरिसने १६८७ ते १६९० च्या सुमारास बॉस्टनमध्ये काढलेल्या ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ या बालवाचनाच्या पुस्तकाचा त्यावर मोठा प्रभाव आहे. त्याच्या उपलब्ध जुन्या प्रतींत आय-जे व यू-व्ही एकच धरून २४ अक्षरे आहेत. ‘ए’ला ॲडमचे पतन, तर ‘यू’ला उरिया या आपल्याच सैनिकाच्या देखण्या बायकोपायी दावीद राजा त्याच्या जिवावर उठल्याची ओळ. अक्षरे गिरवणाऱ्या पोरांपुढे हे प्रकरण! पुढच्या आवृत्त्यांत त्याजागी गर्वापायी पद गमावलेली वश्ती राणी आली.

एकोणिसाव्या शतकात या पुस्तकांना चर्चच्या धर्मशिक्षण देणाऱ्या रविवारच्या शाळांची मोठी गिऱ्हाइकी मिळाली. लंडनची रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी (१७९९), फिलाडेल्फियाची अमेरिकन संडे स्कूल युनियन (१८२४) आणि न्यूयॉर्कची अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटी (१८२५) स्वस्त धार्मिक बालपुस्तके छापत. हॅरिएट कुक यांच्या बायबलमधील प्राण्यांच्या अक्षरमालेसारखे (१८४२) वेगळे प्रयोगही झाले. कर्मठ घरांत रविवारी खेळणी कपाटात जात. सूट फक्त बायबलमधल्या नोहाच्या तारवाच्या, म्हणजे जहाजाच्या, खेळण्याला आणि अशा पुस्तकांना. मुलांना ती आवडण्यात भक्तीपेक्षा या बंदीचा वाटा अधिक असावा.

चित्रे आधी लाकडी ठशांची, काळी-पांढरी. रंग हवा तर हातानेच भरावा लागे. कामगार, पुष्कळदा मुलेच, रांगेत बसून प्रत्येकी एकेक रंग लावत. घाईत लाल झग्याची कड ओलांडून चेहऱ्यावर उतरे. शतकाच्या उत्तरार्धात रंगीत शिळाछपाई आली आणि न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफ्लिन ब्रदर्ससारख्या प्रकाशकांनी भडक, स्वस्त पुस्तकांनी बाजार भरला.

‘झेड’ची अडचण नव्हती, येशूला पाहायला झाडावर चढलेला झॅकियस, म्हणजे मराठी बायबलातला जक्कय, चित्राला फार सोयीचा. खरी पंचाईत ‘एक्स’ची. किंग जेम्स बायबलमध्ये त्या अक्षराने सुरू होणारे एकही नाव नाही. तेव्हा बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकातला राजा अहश्वेरोश तोच इराणचा राजा झर्क्सीज (इंग्रजीत Xerxes) मानून त्याला इथे बसवत. ‘प्रायमर’मध्ये तर एवढा मोठा राजाही मेला, तसे तुम्हीआम्हीही मरणार, एवढे सांगण्यापुरताच तो येतो.